चाळीस इंचांचा इतिहास

बाबा, आपल्या घरात इजिप्त आणि मेसोपोटेमिया परत आलेत. माझी नात, म्हणजे तुमची पणती, तुम्ही तिला पाहिलेलं नाही, अकरावीत आहे आणि सोमवारी तिची इतिहासाची मिडटर्म आहे. काल दुपारी विजय नगरच्या या घरात ती जेवणाच्या टेबलावर वह्या-पुस्तकं पसरून बसली होती आणि मी समोर बसून मटार सोलत होते. तिला मराठी सगळं समजतं, बोलायला मात्र तोंड उघडत नाही. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते, आमचं असंच चालतं. मध्येच पेन चावत म्हणाली, "आजी, ये ईसा पूर्व में गिनती उलटी क्यों चलती है? दिमाग घूम जाता है यार." मला यार म्हणते, काय करता. मी मटाराचे दाणे टेबलावर ओळीनं मांडून तिला दाखवलं की शून्य इथे, आपण या बाजूला, आणि पिरॅमिड त्या बाजूला, जितका आकडा मोठा तितकं जुनं. तिला पटकन कळलं. म्हणाली, "आप तो रेलवे में थीं, आपको इतना पक्का कैसे याद है?" मी म्हटलं, माझ्या बाबांनी शिकवलं. बोलून गेले आणि मान खाली घालून मटार सोलायला लागले. कारण ते खरंही आहे आणि खोटंही आहे, आणि त्यात किती काय आहे हे फक्त तुम्हाला आणि मलाच माहीत. म्हणून आज हा कागद घेऊन बसले. तीर्थरूप, साष्टांग वगैरे लिहीत नाही, तुम्हाला त्याचा कंटाळाच होता.

लढाईचं ते वर्ष, एकाहत्तर. आपण फॅक्टरीच्या वसाहतीत दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. तुम्ही मशीन शॉपमध्ये मार्कर होतात. लोकांना हे काम सांगूनही कळायचं नाही, मला मात्र पाठ होतं: भट्टीतून आलेला लोखंडाचा ठोकळा, तुमच्या भाषेत जॉब, कापायच्या आधी त्यावर कुठं कापायचं, कुठं भोक पाडायचं, याच्या रेघा मारायच्या. रेघ एकदा मारली की पुढचा माणूस डोळे मिटून तिच्यावर कापतो. म्हणून चूक झाली तर ती मार्करची, कापणाऱ्याची नाही. हे तुम्ही जेवताना इतक्यांदा सांगायचात की आई म्हणायची, "झालं, आता वरण घ्या." पण त्या रेघांचं पुढे काय होतं, त्या लोखंडाचं काय बनतं, हे मात्र तुम्ही कधीच सांगितलं नाही. मी विचारायची, "बाबा, तुम्ही काय बनवता?" तुम्ही म्हणायचात, "लोखंड." त्या वर्षी दिवाळी झाली आणि तुमची ड्युटी बारा तासांची झाली. सकाळी सातच्या भोंग्याला आत, संध्याकाळी सातला बाहेर, रविवारही बहुतेक गेलेला. ब्लॅकआऊटची तालीम सुरू झाली होती आणि अख्ख्या वसाहतीत बायका खळ शिजवून खिडक्यांना खाकी कागद चिकटवत होत्या.

आणि त्याच वर्षी मी इतिहासात नापास झाले. नववीत मला ओमतीजवळच्या मोठ्या शाळेत घातलं होतं, आणि जुलैतच मला टायफॉइड झाला. दोन महिने अंथरुणात. परत गेले तेव्हा पुस्तकाचा अर्धा भाग होऊन गेलेला. बाकीचे विषय मी कसेबसे ओढले, पण तिमाही परीक्षेला इतिहासात पन्नासपैकी अकरा. इतिहासाच्या बहनजींनी मार्क वर्गात मोठ्यानं वाचून दाखवले आणि मी घरी येऊन आईला सांगितले, कारण लपवायची अक्कल तेव्हा नव्हती. आई रागावली नाही, तेच वाईट होतं. तिचे सांधे धरलेले होते, पाण्याची बादली उचलताना तिचा चेहरा पिवळा पडायचा, धाकटा भाऊ चार वर्षांचा, आणि तुम्ही दिवसभर आत. ती शांतपणे म्हणाली, "जमत नसंल तर राहू दे. घरी राहून मला हात दे. पोरीच्या जातीला नववी म्हणजे काय कमी झाली?" गढ्याहून माझी मावशी आली होती, तिनंही मान हलवली. मी दारामागे उभी होते. आपल्याला शाळा इतकी हवी आहे हे मला त्या मिनिटापर्यंत माहीतच नव्हतं.

तुम्ही नुकतेच ड्युटीवरून येऊन बूट काढत होतात. एक बूट काढून हातात धरूनच तुम्ही म्हणालात, "छमाहीपर्यंत थांब. छमाहीत पास नाही झाली तर जानेवारीपासून घरी. मी काही बोलणार नाही." आईनं विचारलं, "आणि शिकवणार कोण तिला? तुम्ही?" आईनं ते चिडवायला म्हटलं होतं. तुम्ही नागपूरकडच्या एका गावात मराठी सातवी केलेले. माझं पुस्तक हिंदीत. तुम्ही म्हणालात, "हो, मी."

दुसऱ्या दिवसापासून साडेचारला उठणं. मला आजही हिवाळ्यात त्या वेळेला जाग येते आणि क्षणभर कोळशाच्या शेगडीचा वास येतो. जबलपूरची थंडी, पाय जमिनीवर टेकवत नाहीत, तुम्ही मफलर डोक्याला गुंडाळून स्वयंपाकघरात पाटावर बसलेले, बल्बला काळ्या कागदाची टोपी, तिच्यातून उजेडाचा एक गोल पडलेला आणि त्या गोलात माझं पुस्तक. पलीकडे आई तुमच्या डब्याच्या पोळ्या लाटून राहिली आहे आणि ऐकत नसल्यासारखं दाखवून सगळं ऐकते आहे. मी हिंदीत एक वाक्य वाचते, मग त्याचं मराठी करून तुम्हाला सांगते. ही तुमची पद्धत. "मला समजलं पाहिजे असं सांग. मला समजलं तर तुला समजलं." मी सांगायची, नील नदीला पूर यायचा आणि गाळ साचायचा. तुम्ही विचारायचात, "मग पूर यायच्या वक्ती ते लोक जाऊन कुठं राहायचे?" पुस्तकात ते नसायचं. मी सांगायची, सुमेरचे लोक मातीच्या पाट्यांवर लिहायचे. तुम्ही खूश. "म्हणजे मार्करच की. ओल्या मातीत चुकलं तर पुसता येतं, भाजल्यावर नाही." एकदा तुम्ही पुस्तक स्वतःकडे ओढलंत, बोट ठेवून पानं चाळलीत आणि तक्रार केलीत, "सगळ्या नद्या आहेत. नील आहे, सिंधू आहे, त्या दोन टायग्रिसवाल्या आहेत. आपल्या नर्मदेचं काहून नाही?" आई पोळी उलटवत म्हणाली, "तिला कोण विचारून राहिलं, ती गरिबाची आहे." तिघंही हसलो आणि भाऊ जागा झाला.

रागावलात ते एकदाच. मी एका प्रश्नाला थापा मारल्या. हडप्पाच्या विटा किती मोठ्या होत्या असं तुम्ही विचारलं, मला आठवेना, मी हातानं दाखवलं, "असतील एवढ्या." तुम्ही पुस्तक मिटलंत. आवाज चढवला नाहीत. "अंदाजपंचे काम करायचं असंल तर आत्ताच सांग, मी झोपतो. माझ्या रेघेवर कुणाचं तरी बोट जाऊ शकते, समजलं?" मला तेव्हा वाटलं, विटांचा आणि बोटाचा काय संबंध. पण त्यानंतर आजतागायत मी न मोजता काही सांगितलं नाही. रेल्वेच्या ऑफिसात माझे साहेब वैतागायचे, मॅडम अंदाजे सांगा ना, आणि मी म्हणायची, उद्या सांगते.

मला सालं लक्षात राहत नव्हती. हीच खरी अडचण होती. कोण आधी, कोण नंतर, सगळा गोंधळ. तर एका रविवारी, तुम्हाला चुकून सुट्टी मिळालेली, तुम्ही खिडक्यांचा उरलेला खाकी कागद घेतलात, चार बोटं रुंद आणि चाळीस इंच लांब पट्टी कापलीत, आणि जमिनीवर पालथे पडून तिच्यावर रेघा मारायला लागलात. एक इंच म्हणजे शंभर वर्षं. डाव्या टोकाला शून्य. तिथून मोजत मोजत, पंधरा इंचांवर चीन, साडेसतरावर बॅबिलोनच्या राजाचे कायदे, पंचवीसवर हडप्पा, सव्वीसवर पिरॅमिड, बत्तीसवर सुमेर. तुमचं अक्षर तर काय सांगू. ड्रॉइंगवर लिहितात तसं, सुटं, सरळ, प्रत्येक अक्षर एकाच उंचीचं. शॉपमधले हिंदी भैया लोक लग्नाच्या पत्रिकेवर नावं घालायला तुमच्याकडे यायचे. ती पट्टी तुम्ही शेगडीच्या वरच्या भिंतीला चार चुका ठोकून लावलीत, दोन पावलं मागं जाऊन पाहिलीत आणि म्हणालात, "आता डोळ्यानं दिसते. आधी चीन, मग बॅबिलोन, मग हडप्पा, मग पिरॅमिड, सगळ्यात नवीन सुमेर."

पुस्तकात प्रत्येक सालापुढं ई.पू. लिहिलेलं होतंच. तुम्ही विचारलंतही, हे काय. मी म्हटलं, ईसा पूर्व असतं. तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलंत, त्यावर शके होतं, संवत होतं, इसवी होती. तुम्ही म्हणालात, "असंल त्या लोकांचं काही वेगळं. माप माप असते, शून्यापासून मोजायचं." मलाही पटलं. फूटपट्टी कधी उलटी वाढते का? आयुष्यभर डाव्या कडेपासून मोजलेल्या माणसाला दुसरं काही सुचणारच कसं, आणि मला तर काहीच माहीत नव्हतं. मी पट्टी घोकली. पोळी खाताना, भावाला मांडीवर घेऊन, नळाच्या रांगेत. चीन, बॅबिलोन, हडप्पा, पिरॅमिड, सुमेर.

मग लढाई खरोखरची सुरू झाली. छमाही दहा दिवस पुढे ढकलली गेली. तुम्ही घरी येऊन बसल्याबसल्या झोपायचात, घास हातात. आई म्हणायची, सकाळचं राहू द्या आता, पोरगी पाहून घेईल. पण साडेचारला मफलर गुंडाळून तुम्ही पाटावर हजर. डोळे लाल झालेले. एकदा मी वाचत होते आणि तुम्ही भिंतीला टेकून झोपलात, मी थांबले तर डोळे न उघडता म्हणालात, "ऐकून राहिलो मी. पुढं."

परीक्षेच्या आठवडाभर आधी बहनजींनी वर्गात उजळणी घेतली. त्यांनी विचारलं, दुनिया की पुरानी सभ्यताएँ, क्रम से कौन बताएगा. माझा हात सगळ्यात आधी वर. तिमाहीत अकरा मिळालेल्या मुलीचा हात वर पाहून त्याही हसल्या. मी उभी राहिले आणि तुमच्या पट्टीवरून घडाघडा वाचून दाखवलं, सालांसकट. चीन, बॅबिलोन, हडप्पा, पिरॅमिड, सुमेर. बहनजी म्हणाल्या, "एक बार फिर सोच लो." मी म्हटलं, "नहीं बहनजी, पक्का है." आणि पहिल्या बाकावरून एक मुलगी हसली, मग दुसरी, मग अख्खा वर्ग. सालं सगळी बरोबर होती, एकही चुकलं नव्हतं, आणि सगळं उलटं होतं. बहनजींनी फळ्यावर रेघ मारून दाखवलं. मी उभीच होते, मला बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

सुट्टीत त्यांनी मला बाजूला बोलावलं. वाईट नव्हत्या हो त्या. खांद्यावर हात ठेवून विचारलं, "बेटा, इतना सब याद किया और सब उलटा. किसने पढ़ाया तुम्हें?" बाबा, मला एवढंच म्हणायचं होतं, मेरे पिताजी ने. दारातून दोन-तीन मुली ऐकत होत्या. मी म्हटलं, "किसी ने नहीं, बहनजी. हमारे घर में कोई पढ़ा-लिखा नहीं है." त्यांचा चेहरा इतका मऊ झाला. "पिताजी क्या करते हैं?" मी म्हटलं, फॅक्टरीत मजूर आहेत. मार्करसुद्धा म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास थांब, मी करून घेते. आणि त्यांनी करून घेतलं. स्वतःचा चहा थंड करून एक आठवडा माझ्यासमोर बसल्या.

घरी काय सांगायचं? त्या संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "आज शाळेत काय झालं?" मी म्हटलं, उजळणी. "पट्टी कामाला आली का?" मी म्हटलं, हो. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही पट्टीसमोर मला उभं केलंत आणि मी तुम्हाला तुमचा क्रम म्हणून दाखवला, आधी चीन, शेवटी सुमेर, आणि तुम्ही मान डोलवत राहिलात. दुपारी बहनजींसमोर आधी सुमेर, शेवटी चीन. असा एक आठवडा मी दोन इतिहास पाठ केले, एक पास व्हायचा आणि एक तुम्हाला ऐकवायचा. मी लोकांना ही गोष्ट सांगते तेव्हा इथंच थांबते. सगळे म्हणतात, किती गोड, वडिलांचं मन राखलं. मीही हसते.

पेपरात नेमका तोच प्रश्न आला. मी फळ्यावरची रेघ आठवून लिहिलं. तोवर लढाई थांबली होती, वसाहतीत पेढे वाटले गेले होते, तुमची ड्युटी मात्र तशीच होती. निकालाच्या दिवशी पालकांना बोलावलेलं. आईला चालवत नव्हतं. तुम्ही अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून फॅक्टरीतून थेट सायकलनं आलात, खाकी शर्ट, बाहीला तेल, खिशाला तुमचं पेन. मला ते दुरून दिसलं आणि बहनजींना मी काय सांगितलंय ते आठवलं. पेन काढून ठेवा असं सांगायला मी धावणार होते, पण बहनजींनी नाव पुकारलं.

त्यांनी तुम्हाला खुर्ची दिली. तुमच्याशी त्या मोठ्यानं आणि हळूहळू बोलल्या, आपण बहिऱ्याशी बोलतो तसं. "भैया, आपकी बच्ची पास हो गई है. पचास में इकतीस. बहुत मेहनती है." तुम्ही हात जोडलेत. त्या पुढे म्हणाल्या, "शुरू में तो सब उलटा रट के आई थी. सबसे बाद वाले को सबसे पहले. मैंने एक हफ़्ता बैठाकर सीधा करवाया." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी जमिनीकडे. "घर में कोई पढ़ाने वाला न हो तो ऐसा होता है. बच्ची ने मुझे सब बता दिया है, कि घर में कोई पढ़ा-लिखा नहीं है. इसमें शर्म की कोई बात नहीं, भैया." आणि त्यांनी प्रगतिपत्र तुमच्यासमोर ठेवलं, जिथं पालकांची सही असते तिथं बोट ठेवलं, आणि टेबलावरचा शाईचा पॅड उघडून तुमच्याकडे सरकवला. "यहाँ अंगूठा लगा दीजिए."

तुमचा हात सवयीनं खिशाकडे गेला होता. पेनाच्या टोपणापर्यंत गेला होता, मी पाहिलं. मग तो तिथून छातीवरून सरळ खाली आला, जणू शर्टाची सुरकुती नीट केली. तुम्ही डावा अंगठा पॅडवर टेकवलात, दोन बाजूंनी फिरवलात, आणि चौकटीच्या बरोबर मध्ये, कुठेही न फिसकटता उमटवलात. "जी, बहनजी," तुम्ही म्हणालात, "आपकी बड़ी मेहरबानी." कुठल्याही कागदावर तुमच्याइतकं नेटकं लिहिणारा माणूस त्या खोलीत दुसरा नव्हता.

बाहेर आल्यावर तुम्ही नळावर अंगठा धुतलात, माती लावून घासलात, शाई गेली नाही. सायकलवर मी पुढच्या दांडीवर. ओमतीला उतरून तुम्ही खोव्याची जिलबी घेतलीत, गरम, कागदाला तूप सुटलेलं. मी ती मांडीवर धरून बसले. मग पुलावरचा चढ संपल्यावर, दम खात, तुम्ही विचारलंत, "ते ई.पू. उलटं जाते का?"

मी म्हटलं, "हो."

"म्हणजे शून्य उजवीकडं पाहिजे होतं."

"हो."

थोडं पुढे गेल्यावर म्हणालात, "मग अख्खा जॉबच रिजेक्ट." आणि हसलात. खरं हसलात की नाही मला कळलं नाही, मी पुढे होते, तुमचा चेहरा मागे. "मला काहून नाही सांगितलं?" असं तुम्ही विचाराल म्हणून मी मान आखडून बसले होते. तुम्ही विचारलं नाहीत. म्हणालात, "जिलबी सांभाळ, तूप गळून राहिलं."

घरी आईला तुम्ही दारातूनच सांगितलंत, "पास. आता शाळा सोडायचं नाव काढू नको." आईनं पदरानं डोळे पुसले आणि लगेच म्हणाली की ती पास होणार हे तिला माहीतच होतं. तुमच्या अंगठ्याकडे तिचं लक्ष गेलं नाही, कारण लोखंडावर रेघ दिसावी म्हणून लावतात त्या निळ्या रंगानं तुमची बोटं रोजचीच डागलेली असायची. पुढच्या सुट्टीला तुम्ही भिंतीवरची पट्टी काढलीत, नवी कापलीत, शून्य उजव्या टोकाला घेतलंत आणि मला पाटावर बसवून एकेक साल तपासायला लावलंत. परीक्षा होऊन गेली होती. भाऊ चार वर्षांचा, त्याला ती लागायला अजून दहा वर्षं होती. तरी तुम्ही ती पूर्ण केलीत, कारण चुकीचा जॉब तुमच्या घरात टांगून ठेवणं तुम्हाला जमलं नसतं. ते सगळं झाल्यावर म्हणालात, "आता पाह्य, आता बरोबर आहे का?" मी म्हटलं, हो बाबा. माफी मागायला तीच वेळ होती. भाऊ मध्ये आला, आईनं हाक मारली, वेळ गेली.

मी मॅट्रिक झाले, बीए झाले, रेल्वेत लागले. माझ्या पहिल्या दिवशी तुम्ही मला ऑफिसच्या दारापर्यंत सोडलंत आणि बाहेरच थांबलात. मी आत या म्हटलं तर म्हणालात, "नको, तू जा." मी आग्रह केला नाही. नंतर तीस वर्षं आपण एकाच शहरात होतो, दर रविवारी मी यायची, भाताबरोबर कढी व्हायची, आणि दर रविवारी मला वाटायचं, आज बोलू. तुम्ही तो विषय कधी काढला नाहीत. तुमचं दुखणं आलं तेव्हा मी उशाशी तीन आठवडे होते. तेव्हाही मी तुम्हाला गोळ्या किती वाजता घ्यायच्या हेच सांगत राहिले.

नात आत्ता मागून डोकावून गेली. "आजी, क्या लिख रही हो इतना?" मी म्हटलं, किराण्याची यादी. ती वाचू लागली तर माझ्या घाईच्या अक्षरातल्या चार ओळीही तिला लागणार नाहीत, तरी मी हात ठेवला. हे कागद मी कुठं ठेवणार नाही, संध्याकाळी फाडून टाकीन. पण ज्याच्यासाठी बसले ते एक अजून लिहिलेलं नाही, आणि तुम्ही अंदाजपंचे चालू दिलं नसतं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुम्ही अंगठा टेकवलात तेव्हा माझं काळीज फाटलं. तसं झालं नाही, बाबा. रडू आलं ते घरी, पांघरुणात, आणि लाज वाटली ती फार पुढे, मला मुलं झाल्यावर. त्या क्षणी, त्या खोलीत, तुमचा हात पेनावरून खाली आला तेव्हा मी श्वास सोडला आणि मला फक्त एवढंच वाटलं, बरं झालं, सही केली नाही.